खंडेनवमीचं नवं कार्ड

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

परळी वैजनाथ
दि. ५ ऑक्टोबर २०२५

श्री. भागवतराव यांस,

स. न. वि. वि.

यातला 'सप्रेम' रीतीचा आहे, मनातला नाही. तुम्ही फोन करताय आणि मी उचलत नाही. उचलला तर तोंडातून काय निघेल याचा मला भरवसा नाही. कागदावरचं पुन्हा वाचून खोडता तरी येतं.

खंडेनवमीला आपल्या घरात काय करतात हे मी तुम्हाला सांगायचं का? सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही दुसरीत होता, तेव्हापासून दर वर्षी बघत आलात. तुमचे दादा कॅमेरा, लाईट, कॉम्प्युटर सगळं पुसून ओळीनं मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडू ठेवायचे आणि दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत कुणाला बटनाला हात लावू द्यायचे नाहीत. वर्षभर लोकांच्या लग्नांत राबलेल्या हत्याराला तेवढाच विसावा. ते गेल्यानंतरची ही पहिली खंडेनवमी, गेल्या वर्षी दुखवट्यामुळं सण नव्हता. मी एवढंच म्हणाले होते की आज कॉम्प्युटरचं मशीन चालू करायचं नाही. तुम्ही मान हलवलीत. मी देवळात गेले आणि तेवढ्यात तुम्ही पूजेतलं मशीन उचलून, स्क्रू काढून त्याचं पोट उघडलंत.

मी आले तर म्हणालात, पंख्यात वीजकेंद्राच्या टॉवरची राख बसली होती, झाडून काढली. मला बरं वाटलं. दसऱ्याला सोनं देऊन पुण्याच्या गाडीत बसताना खिडकीतून म्हणालात, उद्या चालू करा वहिनी, गंमत आहे.

दुसऱ्या दिवशी चालू केलं. सुरुवातीचं चिन्ह आलं आणि पडदा काळा झाला. आत पंखा घुमतोय, बाहेर काही दिसत नाही. बंद करून पुन्हा लावलं, तेच. स्टँडजवळच्या दुकानातल्या पप्पूला बोलावलं. त्यानं झाकण काढून आत बॅटरी मारली आणि म्हणाला, मावशी, व्हिडिओ कार्ड कुणी बदललं कावून? हे दुसऱ्याच कंपनीचं हाय. तेव्हा तुमची गंमत मला कळाली.

त्या मशीनमध्ये काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या पोरीचं, संस्कृतीचं लग्न. दुसऱ्यांच्या शेकडो लग्नांचे व्हिडिओ ज्यांनी जोडून दिले त्यांनी स्वतःच्या लेकीचा पाठवणीपर्यंत आणून ठेवला होता. पुढं चित्र हलतं, अडतं, कार्ड दमलंय, नवं आलं की पुरं करू, असं म्हणायचे. चैत्रात लग्न झालं आणि श्रावणात ते गेले. लेक आता सासरहून, आष्टीहून, दिवाळीला येणार आहे. लग्नानंतरची तिची पहिली दिवाळी दुखवट्यात गेली. या वेळी तिच्यासमोर तिच्या बापाचं काम लावायचं मी ठरवलं होतं. आता लावायला काळा पडदा आहे.

जुनं कार्ड तुमच्या पिशवीत गेलं असणार, कारण घरात नाही. ते ताबडतोब पाठवा. पप्पू होतं तिथं बसवून देईल.

लोभ असावा असं शेवटी लिहितात. या खेपेला लोभ राहू द्या, कार्ड पाठवा.

वनमाला

---

पुणे
दि. ८ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

वर 'सौ.' लिहून खोडलंय, तो डाग दिसेल. होस्टेलवरून तुम्हाला पत्र लिहायचो तेव्हाची हाताची सवय. त्यानंतर पत्र लिहिलंच नव्हतं. क्षमा करा.

तुमचं पत्र कंपनीच्या पत्त्यावर आलं. पाकिटावर 'भागवतराव' वाचून शेजारच्या टेबलावरचे हसले. मला हसू आलं नाही. मला पोटच्या पोरासारखं न्हाऊ घातलंय तुम्ही, शेंबूड पुसलाय, आणि आता मी राव झालो?

मी काय चोरी केली? दादाच मला म्हणाले होते. आषाढात त्यांचा फोन आला होता, संस्कृतीची पाठवणी नीट दिसत नाही, कार्ड दमलंय, दिवाळीला येताना नवं घेऊन ये. दिवाळी त्यांना मिळाली नाही. मी कार्ड घेऊन ठेवलं आणि वर्षभर माझी तुमच्या घरात ते आणायची छाती झाली नाही. या दसऱ्याला आणलं. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून सांगितलं नाही.

आता बिघडलं कुठं ते ऐका. कार्ड म्हणजे चित्र दाखवणारं यंत्र. पण मशीनला त्या कार्डाशी बोलायला मध्ये एक दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कंपनी बदलली की दुभाषी बदलावा लागतो. रीत अशी की जुनं कार्ड आत असतानाच मशीन चालू करायचं, जुना ड्रायव्हर काढून टाकायचा, मग मशीन बंद करून कार्ड बदलायचं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मशीन चालू करू नको असं तुम्ही सांगितलं होतं. मी नाही केलं. तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून पहिली पायरी सोडली आणि दुसरी केली. नवं कार्ड बहुतेक वेळा मशीन आपलं आपण ओळखतं, तसं ओळखेल असं वाटलं. या वेळी जुना दुभाषी वाटेत बसून राहिला.

म्हणजे अर्धा दोष तुमच्या खंडेनवमीचा आहे. आता लिहिलंय तर लिहिलंय.

आणि एक. गावोगावच्या पोरींच्या पाठवण्या तुम्ही त्या मशीनवर बसून पुऱ्या करता. धर्मापुरीचं लग्न तुम्ही एकटीनं केलंत, मी बघितलं, दादांच्या हातचं वाटलं. फक्त संस्कृतीची फाईल तुम्ही उघडत नाही. ते कार्डामुळं नव्हतं, वहिनी.

जुनं कार्ड मी भंगारात दिलं. पप्पूला फॉरमॅट करू द्या, मी दिवाळीला येऊन सगळं पुन्हा भरून देतो.

तुमच्या रागातही माझा वाटा राहू द्यावा, ही विनंती.

तुमचा
भागवत

---

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

परळी वैजनाथ
दि. १२ ऑक्टोबर २०२५

भागवत यास,

आशीर्वाद नंतर, आधी राग. 'तुम्ही, तुम्ही' करून तो धड निघेना, म्हणून आता तू.

फॉरमॅट करू द्या म्हणतोस. फॉरमॅट म्हणजे काय ते तरी मला विचारलंस का, की वहिनी चौथी शिकलेली, तिला काय कळतंय? तुझं पत्र आलं त्या दिवशी पप्पू दारात उभाच होता. म्हणाला, मावशी, फॉरमॅट मारून देतो, लई सोपं हाय, अर्ध्या तासात मशीन नव्यासारखं. मी विचारलं, आत जे आहे त्याचं काय? म्हणाला, दुसऱ्या कप्प्यातलं राहतंय, पहिल्यातलं जातंय. तुझे दादा सगळं पहिल्याच पडद्यावर, म्हणजे त्या पहिल्या कप्प्यात, मांडून ठेवायचे, हाताशी असावं म्हणून. लग्न तिथं, जोडणीचं काम तिथं, जोडायचं ते सॉफ्टवेअरही तिथंच. त्याची तबकडी कुठं गेली ते त्यांनाच ठाऊक. मी हे सांगितलं तर पप्पू म्हणाला, मग ते न्हाई वाचायचं, पण मशीन वाचंल. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो काही वाईट पोरगा नाही. त्याच्याकडं सगळ्या दुखण्याला एकच गोळी आहे. पण तू इंजिनियर झालास आणि तीच गोळी सांगतोस?

सगळे मला तेच सांगतात. वर्षश्राद्ध झालं आणि तुझी मोहिनी आत्या बसल्या बसल्या म्हणाली, आता त्यांचे कपडे देऊन टाक, खोली रिकामी कर, मन हलकं होईल. तिनंही फॉरमॅटच सांगितला.

आणि भंगारात दिलं म्हणतोस. कुणाला शिकवतोस? ते कार्ड तू आणि दादांनी मिळून पुण्याच्या बाजारात घेतलं होतं. एसटीत धक्के बसू नयेत म्हणून ते खोकं पुण्यापासून परळीपर्यंत त्यांनी मांडीवर धरून आणलं, पाय आखडले होते त्यांचे, मी तेल लावून चोळले. ते तू भंगारात टाकशील? टाकलं असलंस तर तू माझ्या हातचा नाहीस. नसलंस टाकलं तर खोटं लिहिलंस. दोन्हीतलं कोणतं ते कळव.

संस्कृतीची फाईल मी उघडत नाही हे खरं आहे. का ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. त्यांच्यावर राग आहे माझा. पाठवणीच्या वेळी पोरगी सगळ्यांच्या गळ्यात पडली. माझ्या, तुझ्या, आत्याच्या. बापाला शोधत होती. तो माणूस कॅमेरा खांद्यावर घेऊन गाडीच्या पलीकडं उभा. मी हाक मारली, या की हो. मान हलवून नाही म्हणाले. शूटिंग सोडून येता येत नाही म्हणे. दुसरा शूटिंगवाला लावा म्हणून मी महिनाभर आधी भांडले होते, तर म्हणाले, माझ्या लेकीचं दुसऱ्याला जमणार नाही. गाडी निघून गेली आणि पोरीनं बापाला मिठी मारली नाही. त्यानंतर राखीपौर्णिमेला ती आली ती त्यांच्या मातीलाच. तिनं आजवर एकदाही तो व्हिडिओ मागितला नाही. मीही उघडला नाही. उघडला तर त्यांच्याशी भांडण उकरून निघेल, आणि समोर कुणी नाही.

पण मी उघडत नाही म्हणजे ते गेलं तरी चालेल असं नाही.

फोनवर तू नुसतं इथं दाबा, तिथं दाबा म्हणतोस, इथं म्हणजे कुठं ते मला दिसत नाही. कागदावर लिही. तू होस्टेलवर उपाशी राहायचास तेव्हा मी तुला पिठलं पत्रातून शिकवलं होतं. आधी तेल, मग मोहरी, ती तडतडल्यावर कांदा, तोवर बेसनाला हात लावायचा नाही. तू जेवलास ना? तसं लिही. कशानंतर काय, मध्ये काय दिसेल, घाबरायचं कुठं आणि नाही कुठं. एकही पायरी खंडेनवमीच्या नावावर सोडू नको.

उत्तर येईपर्यंत मशीन बंद आहे. आशीर्वाद अडवून ठेवलेत, उत्तराबरोबर सुटतील.

वनमाला

---

पुणे
दि. १५ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

खोटं लिहिलं. कार्ड माझ्या टेबलावर आहे, टॉवेलात गुंडाळलेलं. दादा गेल्यावर त्यांचं घड्याळ जावयाला गेलं, कॅमेरा तुमच्याकडं राहिला, ते बरोबरच आहे. मला कुणी काही दिलं नाही आणि मी मागितलं नाही. त्या दिवशी मशीनमधून ते काढलं तेव्हा त्याच्या पंख्यात राख भरलेली होती आणि कडेला दादांनी लावलेलं हळदीचं बोट होतं, जुनं, वाळलेलं. ते मला तिथं ठेवून येववलं नाही. तुम्ही म्हणाल तर उद्याच्या गाडीनं पाठवतो. पण आता त्याची गरज पडणार नाही असं वाटतं.

या पत्राबरोबर एसटीच्या पार्सलातून डबी येईल, त्यात दोन पेनड्राइव्ह आहेत. लाल दोरीचा रिकामा आहे. पांढऱ्या दोरीच्यात नव्या कार्डाचा ड्रायव्हर आहे. आता पिठल्यासारखं सांगतो.

मशीन चालू करा. चिन्ह दिसू लागलं की बटन दाबून धरा, ते बंद होईल. असं दोन-तीनदा केलं की मशीन स्वतःच घाबरतं आणि निळा पडदा दाखवून दुरुस्ती करू का विचारतं. त्यातून 'सेफ मोड'वर जायचं, कोणत्या ओळी दाबायच्या ते मागच्या पानावर चित्र काढून दाखवलंय. पडदा उघडेल. अक्षरं ही मोठी मोठी दिसतील, रंग फिके, सगळं ओबडधोबड. घाबरू नका. त्या वेळी मशीनला ना जुन्या कार्डाची भाषा येत असते ना नव्याची. चार शब्दांत कसंबसं बोलतं, पण बोलतं.

तिथं पहिलं काम, संस्कृतीच्या लग्नाचं सगळं फोल्डर लाल दोरीच्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. ते उतरल्याशिवाय पुढं जायचं नाही. हा तुमचा कांदा.

मग जुना ड्रायव्हर काढायचा. त्याची यादी कुठं उघडते तेही मागच्या पानावर आहे. यादीत जुन्या कंपनीचं नाव दिसेल, त्यावर उजवं बटन, मग 'अनइन्स्टॉल'. खाली एक चौकोन असतो, त्यात बरोबरची खूण करा, नाहीतर वरचं निघतं आणि मूळ राहतं. मशीन विचारेल, खरंच काढायचं का? हो म्हणा. यानं दादांचं काम जात नाही, फक्त जुना दुभाषी जातो. मग मशीन बंद करून चालू, आणि पांढऱ्या दोरीचा पेनड्राइव्ह लावून नवा बसवायचा. मध्ये पडदा एक-दोनदा काळा होऊन परत येईल. तेव्हाही घाबरायचं नाही.

घाबरायचं एकाच ठिकाणी. कुठंही 'फॉरमॅट' हा शब्द दिसला तर हात मागं घ्या.

दादांवरच्या रागाचं मला काही सांगता येत नाही. मी त्या दिवशी गाडीच्या अलीकडं होतो, मलाही त्यांचा चेहरा दिसला नाही. कॅमेरा होता तोंडावर.

अडवलेले आशीर्वाद सोडावेत, वाट बघतोय.

तुमचा
भागवत

---

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

परळी वैजनाथ
दि. १९ ऑक्टोबर २०२५

चि. भागवत यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. सोडले.

मशीन चालू झालं. तुझा कागद समोर भिंतीला चिकटवला होता. निळा पडदा आला, तुझ्या चित्रातल्या ओळी सापडल्या, आणि मग ती तू सांगितलेली मोठी ओबडधोबड अक्षरं. मला तो पडदा आवडला, खरं सांगते. माझंही गेलं वर्ष असंच गेलं, चार शब्दांत. लग्नाचं फोल्डर लाल दोरीवर उतरवलं. ते हळूहळू उतरत होतं तोवर मी भाकरी करून घेतल्या.

जुनं काढताना चौकोनात खूण केली. मशीननं विचारलं, खरंच काढायचं का? तिथं मी थांबले. तू लिहिलं होतंस हो म्हणा, पण ते सोपं नव्हतं. शेवटी म्हटलं, दुभाषी आहे, नवरा नाही. दाबलं.

नवा बसला. पडदा मध्ये काळा झाला तेव्हा तुझ्या नावानं एक शिवी दिली, तेवढ्यात उजळला. ती शिवी परत घेतली असं समज.

मग मी संस्कृतीचं लग्न लावलं.

भागवत, हे असं कधी चालत नव्हतं. एवढी वर्षं त्या मशीनवर चित्र थांबत-थांबत बघायची मला सवय, दोन पावलं चाललं की दम खायचं. आता हळदीला बायका हसतात तर हसूनच पुढं जातं. अक्षता पडतात त्या पडताना दिसतात, नुसत्या पडलेल्या नाही. तुझं कार्ड चांगलं आहे. मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगत, एक ठिपका हलत नाही. कुठंही न अडता पाठवणी आली.

आणि चित्र हलायला लागलं.

मी थांबवलं. वाटलं, तुझ्या नव्या कार्डानंही मान टाकली. मागं जाऊन पंगत लावली, स्थिर. पुन्हा पाठवणी, पुन्हा हलतंय. पण अडत नाही. गाडी येते, तू बोचकं ठेवतोस, संस्कृती माझ्या गळ्यात पडते, सगळं सलग चालतं, आणि सगळं थरथरतं. मग ती दारापाशी वळते, बापाला शोधते. सरळ आपल्याकडंच बघते, म्हणजे कॅमेऱ्याकडं. तिथं इतकं हलतं की तिचा चेहरा धरवत नाही. आवाजही आता तुटत नाही. वाजंत्री थांबते आणि माझी हाक ऐकू येते, या की हो. आणि मग अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या पाठीमागून, नाक ओढल्याचा आवाज.

अडत होतं ते कार्डामुळं, हलत होतं ते नाही. मला सांगितलं कार्ड, तुला सांगितलं कार्ड. एवढ्या लग्नांत ज्या माणसाचा हात कधी हलला नाही त्याला हे दिसलं नसेल? रोज लावून बघत असणार आणि रोज बंद करत असणार. कार्डावर ढकलून मोकळे झाले.

मी तशीच बसून होते, तर पप्पू आला. मशीन चालू झालेलं ऐकून बघायला आला होता बिचारा. पाठवणी बघून म्हणाला, मावशी, एवढं हलतंय तर सरळ करून देतो, नव्या कार्डावर ही सोय हाय, एका बटनात पाण्यासारखं होईल. त्याचा हात माऊसवर गेला होता.

मी म्हणाले, "हात काढ. ते हलतंय तसंच राहील."

तो घाबरला. मग त्याला चहा दिला, गेल्या खेपेचाही.

पुढचं मी आज पुरं केलं. पाठवणीत काही कापलं नाही, काही सरळ केलं नाही, वर गाणं घातलं नाही. शेवटी नावं टाकायची असतात, ती आमच्या घरात पहिल्यापासून मीच टाकते. वधू, वर, दोन्हीकडचे आईबाप. आणि खाली तुझ्या दादांचं, चित्रीकरण, गहिनीनाथ. भाऊबीजेला संस्कृती येईल तेव्हा लावीन. तिला मी आधी काही सांगणार नाही. ती बघेल.

जुनं कार्ड पाठवू नको. तुझ्याकडंच राहू दे. दर खंडेनवमीला पुसून हळदकुंकू वाहत जा, आणि त्या दिवशी त्याच्या शेजारचं काहीही उघडू नको. दिवाळीला ये. करंज्या तुझ्या वाटच्या वेगळ्या काढल्यात.

तुझ्यावरचा राग संपला. त्यांच्यावरचा नाही, तो उलट वाढला. एवढं होतं तर कॅमेरा खाली ठेवून यायचं होतं की माणसानं. कुणी काय म्हणालं असतं?

लोभ आहेच, तो तुझ्याकडं ठेवायला देते. येताना घेऊन ये.

तुझी
वहिनी